ॲडेनॉइडचं ऑपरेशन करायचं की थांबायचं? एक्स-रेआधी मुलाची रात्र आणि त्याचे कान तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा साडेपाच वर्षांचा, सिनियर केजीत. जूनपासून सर्दी हटलेली नाही, रात्री घोरतो, तोंड उघडं टाकून झोपतो. वर्गातल्या बाईंची तक्रार, 'हाक मारली तरी लक्ष नसतं.' एका कान-नाक-घसा तज्ज्ञांनी एक्स-रे बघून 'ग्रेड ३ ॲडेनॉइड', म्हणजे नाकामागची गाठ बरीच मोठी, असं सांगितलं आणि ॲडेनॉइड काढून दोन्ही कानांच्या पडद्यांत ग्रॉमेट (बारीक पोकळ चकती) बसवायचा सल्ला दिला. दुसऱ्यांनी 'वय वाढलं की जाईल' म्हणून नाकाचा स्प्रे आणि गोळ्या दिल्या. आजींचं म्हणणं, गाठी काढल्या की प्रतिकारशक्ती जाते. ऑपरेशन करायचंच झालं तर मेच्या सुट्टीत चालेल का, हेही विचारलंय. आणि घरात सात महिन्यांची धाकटी आहे, तिच्या श्वासाचा घर्रघर्र आवाज येतो. तिलाही हेच होणार का?

दोन डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या म्हणजे एक चूक असलाच पाहिजे, असं नाही. दोघांचंही बरोबर असू शकतं. तुमच्या मजकुरात निर्णयाला लागणाऱ्या दोन गोष्टी मात्र कुठेच नाहीत: मूल झोपेत श्वास कसा घेतं, आणि त्याला नेमकं किती ऐकू येतं. या दोन्हींची उत्तरं मिळाली की ऑपरेशनचा प्रश्न बहुतेक वेळा आपोआप सुटतो. 'ग्रेड ३' या शब्दाने तो सुटत नाही.

ॲडेनॉइड म्हणजे नाकाच्या मागे, पडजिभेच्या वरच्या पोकळीत असणारा लिम्फॉइड पेशींचा गोळा. तोंड उघडून तो दिसत नाही; दिसतात ते टॉन्सिल. बाळपणातच तो वाढू लागतो, पाच-सहाच्या आसपास सगळ्यात मोठा असतो आणि दहा-बारापर्यंत आक्रसत जातो. म्हणजे साडेपाच वर्षांच्या कुठल्याही मुलाचा एक्स-रे काढला तर ॲडेनॉइड दिसणारच. शिवाय तो एक्स-रे एका क्षणाची सावली असते. मूल रडत असेल, आवंढा गिळत असेल, तर टाळू वर उचलली जाते आणि मागची जागा आहे त्याहून अरुंद दिसते. त्याच मुलाचा शांतपणे काढलेला एक्स-रे 'ग्रेड २' म्हणून येतो, हे मी कितीदा पाहिलंय. नाकातून बारीक दुर्बीण घालून बघितलं तर खरं चित्र कळतं. थेंब टाकून, आईच्या मांडीवर बसवून, पाच वर्षांची बरीच मुलं ते करू देतात. नाहीच करू दिलं तर स्टीलची थंड जीभ-दाबणी नाकाखाली धरायची. दोन्ही नाकपुड्यांखाली वाफेचे दोन ठिपके उमटले तर नाक चालू आहे. बिनपैशांची तपासणी आहे, पण ओपीडीत मी ती अजून सोडलेली नाही.

आता रात्र. फक्त सर्दीत घोरणारं मूल आणि सर्दी नसतानाही रोज घोरणारं मूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोबाइलवर दोन-तीन व्हिडिओ काढा. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान काढले तर उत्तम, कारण स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते आणि श्वास तेव्हाच जास्त अडतो. सदरा वर करा, छाती आणि पोट दोन्ही दिसू द्या, आवाज नीट येऊ द्या, एका व्हिडिओत सलग दोन मिनिटं तरी घ्या. काय बघायचं? गळ्याच्या खळगीशी आणि बरगड्यांखाली कातडी आत ओढली जाते का. घोरता घोरता आवाज थांबतो, छाती हलते पण हवा जात नाही, आणि मग एकदम हिसका देऊन श्वास सुरू होतो का. मान मागे टाकून झोपतो का. उशी घामाने भिजते का. बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालंय का. हे असेल तर त्याला झोपेतला श्वासरोध म्हणतात, आणि मग 'वाढीचं वय आहे' म्हणत वर्ष काढू नये.

मोठ्या माणसांची झोप मोडली की ती दिवसा पेंगतात. मुलं बहुधा उलटी वागतात: चिडचिड, हट्ट, एका जागी न बसणं. मग त्यांच्यावर 'हायपर' असा शिक्का बसतो. पण ऑपरेशन केलं की अभ्यासात डोकं चालायला लागेल, असं कुणी सांगत असेल तर तेवढं मनावर घेऊ नका. अमेरिकेत ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांचे टॉन्सिल-ॲडेनॉइड लगेच काढले, निम्म्यांना सात महिने नुसतं बघत ठेवलं. ऑपरेशन झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी (रात्रभर यंत्र लावून श्वास आणि ऑक्सिजन मोजणारी) नॉर्मल झाली. आणि नुसतं थांबलेल्यांपैकीही ४६ टक्क्यांची! झोप, वागणूक, दिवसभराची तरतरी यांत ऑपरेशनचा गट स्पष्ट पुढे होता. एकाग्रतेच्या प्रत्यक्ष चाचण्यांत मात्र दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. एक लक्षात ठेवा, रक्तातला ऑक्सिजन फार खाली जाणारी मुलं या अभ्यासात घेतलेलीच नव्हती. म्हणून सौम्य त्रास असेल तर थांबणं हाही उपचार आहे. श्वास रोज तुटत असेल तर तो हलगर्जीपणा.

झोपेची पूर्ण तपासणी प्रत्येकाला लागत नाही. दोन वर्षांखालचं मूल, वजन फार जास्त असलेलं मूल, डाउन सिंड्रोम, चेहऱ्याच्या हाडांची जन्मजात रचना वेगळी, स्नायूंचा आजार किंवा सिकल सेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) असेल, तर ती ऑपरेशनआधी करावी. सिकल सेलचं मुद्दाम लिहितोय. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात हा आजार भरपूर आहे, आणि टॉन्सिलच्या ऑपरेशनला आलेल्या मुलाची ती साधी रक्ततपासणी झालेली नाही, असं अजूनही होतं.

आता कान. बाईंची तक्रार मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. नाकाच्या मागून कानाकडे जाणारी नळी मुलांमध्ये आखूड आणि आडवी असते, आणि तिचं तोंड ॲडेनॉइडच्या शेजारीच उघडतं. ती तुंबली की पडद्याआड चिकट द्रव साठतो. कान दुखत नाही, वाहत नाही, ताप नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. ऐकणं साधारण २५-३० डेसिबलने कमी होतं. म्हणजे घरात समोरासमोर बोललेलं सगळं कळतं, पण चाळीस मुलांच्या कलकलाटात फळ्याकडे तोंड करून बोललेल्या बाई त्याला ऐकू येत नाहीत. टीव्हीचा आवाज वाढवतो का, 'काय?' असं सारखं विचारतो का, बघा. घरी एक करून पाहा: त्याच्या मागे हातभर अंतरावर उभं राहून, पंखा बंद करून, कुजबुजत 'आंबा', 'पेरू', 'बदक' म्हणा आणि त्याला तेच पुन्हा म्हणायला सांगा. चुकला तर तपासणी लांबवू नका. बरोबर आला तरी तपासणी टळत नाही.

तपासण्या दोन आहेत. टिंपॅनोग्राम मिनिटभराचा असतो; कागदावर उंचवटा आला तर पडदा हलतोय, सपाट रेघ आली तर मागे पाणी आहे. दुसरी ऑडिओमेट्री, किती ऐकू येतं ते मोजणारी. पाच वर्षांच्या मुलाची ती खेळ म्हणून होते, आवाज आला की एक ठोकळा वाटीत टाकायचा. फाइलमध्ये नुसता टिंपॅनोग्राम असेल आणि ऑडिओमेट्री नसेल तर ती आधी करून घ्या. पाणी आहे एवढ्यावर ग्रॉमेट ठरत नाही; पाणी तीन महिने टिकलंय आणि दोन्ही कानांनी कमी ऐकू येतंय, यावर ठरतं. सर्दीनंतर साठलेलं बरंचसं पाणी तीन महिन्यांत आपोआप जातं. अपवाद अशा मुलांचा, ज्यांचं बोलणं आधीच मागे आहे किंवा टाळू दुभंगलेली आहे. त्यांना तीन महिने थांबवत नाहीत. तोवर शाळेत सांगून त्याला पहिल्या बाकावर बसवा.

ग्रॉमेट म्हणजे पडद्यात बसवलेली दीड-दोन मिलिमीटरची पोकळ चकती. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक असलं की तेल अडकत अडकत येतं, दुसरं पाडलं की सरळ वाहतं, तसंच काहीसं. ग्रॉमेटमधून हवा आत जाते, द्रव नळीवाटे घशाकडे उतरतो. सहा महिने ते वर्षभरात चकती बहुधा आपोआप पडते. काही मुलांना पुन्हा बसवावी लागते, थोड्यांच्या पडद्याला बारीक छिद्र उरतं. हे दोन्ही आधी सांगायला हवं. चौथ्या वर्षानंतर ग्रॉमेटबरोबर ॲडेनॉइड काढल्याने पाणी पुन्हा साठण्याचं प्रमाण कमी होतं, म्हणून पहिल्या डॉक्टरांनी दोन्ही एकत्र सुचवलं असणार. त्यामागचं तर्कशास्त्र बरोबर आहे. आधीच्या तपासण्या झाल्यात का, एवढंच विचारायचं.

औषधांबद्दल. कानामागच्या पाण्याला अँटिबायोटिक, सर्दीच्या गोळ्या, ॲलर्जीचं सिरप यांचा उपयोग होत नाही, हे आता पुरेसं सिद्ध झालंय. तरी बाटल्या दिल्या जातात, कारण रिकाम्या हाताने परतायला पालकांना आवडत नाही आणि डॉक्टरांना पाठवायला. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असं केंद्रीय औषध नियामकांनी डिसेंबर २०२३ मध्ये बजावलंय. मुलाचं जुनं सिरप धाकटीला देऊ नका. तुमच्या चिठ्ठीत माँटेलुकास्ट (ॲलर्जी-दम्याचं औषध) असेल तर तेही जाणून घ्या: वागणूक आणि झोपेवरच्या परिणामांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्यावर सगळ्यात कडक प्रकारची सूचना छापायला लावली. दचकून उठणं, भीतीची स्वप्नं, अचानक आक्रमकपणा दिसला तर लगेच डॉक्टरांना सांगा.

स्टेरॉइडचा नाकाचा स्प्रे मात्र बंद नाक आणि ॲडेनॉइडसाठी उपयोगी आहे, विशेषतः ॲलर्जी असेल तर. नावाला घाबरू नका. शरीरात फार थोडा जातो. पण चारच दिवस मारून 'फरक नाही' म्हणायचं नाही, रोज, सहा ते आठ आठवडे. आधी मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं. मान किंचित खाली. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत, टोक बाहेरच्या भिंतीकडे. सरळ मधल्या पडद्यावर मारला की घोळणा फुटतो आणि मग स्प्रेच बंद होतो. नाक झटकन उघडणारे थेंब वेगळे, ते पाच दिवसांपुढे नकोत.

घरगुतीपैकी वाफ, तीही लांबून, ठीक आहे. मांडीवर उकळत्या पाण्याचं पातेलं घेऊन नको, भाजलेली मुलं येतात. कानात कोमट तेल, लसणीचं तेल, काहीही नको. ग्रॉमेट असेल तर मुळीच नको. पावसाळ्यात तेल घातलेल्या कानात बुरशी मजेत वाढते. आणि बाळाला न्हाऊ घालणाऱ्या मावशी नाकात तेल सोडत असतील तर हात जोडून थांबवा. ते तेल फुप्फुसात जातं आणि त्याने होणारा न्यूमोनिया साध्या अँटिबायोटिकने जात नाही. वेखंडाच्या पुडीचंही तेच. ती अंगाला लावा हवी तर, नाकाशी नको.

आजींच्या शंकेबद्दल. टॉन्सिल, ॲडेनॉइड हे रोगप्रतिकाराचे भाग आहेत हे खरंच. ते काढल्यावर रक्तातल्या तपासण्यांत मुलं दुबळी झालेली दिसत नाहीत, कारण हेच काम करणाऱ्या पेशी घशात आणि आतड्यात भरपूर आहेत. डेन्मार्कमधल्या जवळपास १२ लाख मुलांच्या नोंदींवरचा २०१८ चा अभ्यास मात्र सांगतो, की लहानपणी हे अवयव काढलेल्यांत पुढे श्वसनाचे आजार जास्त दिसले. काढल्यामुळे झाले, की मुळातच ती मुलं जास्त आजारी होती, हे अशा नोंदींवरून ठरत नाही. आजींची भीती अगदीच निराधार नाही, म्हणूनच सबळ कारण लागतं. नुसत्या घसा-दुखीसाठी टॉन्सिल काढायचे तर एका वर्षात ७, किंवा सलग दोन वर्षं दरसाल ५, किंवा सलग तीन वर्षं दरसाल ३ खरे आजार झालेले हवेत, ताप आणि गिळताना दुखणं असलेले. वर्षाला सहा-आठ साध्या सर्द्या निरोगी मुलांनाही होतात.

ऑपरेशन ठरलंच तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. पहिली, फक्त ॲडेनॉइड की टॉन्सिलही? श्वासरोध असेल आणि टॉन्सिल मोठे असतील तर बहुधा दोन्ही काढावे लागतात. दुसरी, टाळू तपासली का? पडजीभ दुभंगलेली असेल तर आतून टाळूचे स्नायू जोडलेले नसण्याची शक्यता असते. अशा मुलाचं पूर्ण ॲडेनॉइड काढलं तर बोलणं नाकातून येऊ लागतं, पाणीही नाकातून येतं. टॉर्चने दहा सेकंदांचं काम आहे. तिसरी, लहान मुलांना नेहमी भूल देणारे डॉक्टर आहेत का, आणि तीव्र श्वासरोध असेल तर रात्रभर ऑक्सिजन मोजत ठेवण्याची सोय आहे का? 'लेझरने करता का?' हा प्रश्न सोडून द्या. कोब्लेशन, मायक्रोडिब्रायडर, जुनी क्युरेट, गाठ काढायच्या या साधनांपैकी सर्जनचा हात ज्यावर बसलाय ते चांगलं. भूलतज्ज्ञांना हलणारा दुधाचा दात, घरात कुणाला जास्त रक्त जाण्याचा त्रास आणि नुकताच आलेला ताप-खोकला न विसरता सांगा.

नंतर नुसतं ॲडेनॉइड असेल तर मूल आठवड्याभरात शाळेत. टॉन्सिल असतील तर दोन आठवडे धरा. घशात पांढरट-पिवळा थर दिसतो, तो पू नाही. कान दुखतो, पण ते दुखणं घशाचंच असतं. आईस्क्रीम द्या पण त्यावर ठेवू नका. मऊ भात, खिचडी, शिरा चावून खायला लावा आणि पाणी सतत पाजा, कारण न गिळणाऱ्या मुलाचं दुखणं लांबतं. पॅरासिटामॉल पहिले काही दिवस वेळेवर द्या, रडेपर्यंत थांबू नका. कोडीन (काही वेदनाशामक आणि खोकल्याच्या औषधांतलं द्रव्य) असलेलं काहीही १२ वर्षांखाली नको. पाचव्या ते दहाव्या दिवशी खपली पडताना रक्त येऊ शकतं. ताजं लाल रक्त दिसलं, थोडं का असेना, तर फोन करत बसू नका, निघा.

मेच्या सुट्टीबद्दल: प्रश्न फक्त कानातल्या पाण्याचा असेल तर मे उत्तम. पाऊस-थंडी ओसरल्यावर सर्द्या कमी होतात, आणि तेव्हाचा टिंपॅनोग्राम कधीकधी ऑपरेशनच रद्द करवतो. व्हिडिओत श्वास थांबताना दिसला तर मेची वाट बघू नका, शाळा बुडाली तरी चालेल.

धाकटीचं प्रकरण वेगळं आहे. सात महिन्यांच्या बाळात ॲडेनॉइड हे कारण क्वचित असतं. आवाज श्वास घेताना येतो की सोडताना, ते बघा. घेताना येत असेल, जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांत सुरू झाला असेल, उताणं झोपल्यावर आणि रडताना वाढत असेल, पालथं केल्यावर कमी होत असेल, तर बहुधा स्वरयंत्राचा वरचा भाग मऊ असल्याने तो आत ओढला जातो. याला लॅरिंगोमलेशिया म्हणतात. दूध नीट पीत असेल, वजन वाढत असेल, रंग गुलाबी असेल, तर दीड-दोन वर्षांत आपोआप जातं. तरी एकदा जागेपणी नाकातून बारीक दुर्बीण घालून बघून घ्यावं. आवाज आठवड्यागणिक वाढतोय आणि हनुवटीवर किंवा मानेवर लाल डाग आहे, असं असेल तर मात्र वाट बघू नका. श्वासनलिकेत रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते. तिला आज प्रोप्रानोलॉल हे हृदयाचं जुनं औषध दिलं जातं. फ्रान्समध्ये बाळाच्या हृदयासाठी दिलेल्या औषधाने त्याची गाठ विरघळताना दिसली, ते २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याआधी यातल्या कित्येकांच्या गळ्याला छिद्र पाडावं लागायचं.

रांगणारं बाळ आणि पाच वर्षांचा दादा एका घरात म्हणजे मला खरी काळजी तिसऱ्याच गोष्टीची वाटते. दादा शेंगदाणे खातो, ते सांडतात. शेंगदाणा, चणा, चिंचोका, सीताफळाची बी श्वासनलिकेत गेली की जोरात ठसका लागतो, मग मूल शांत होतं आणि सगळे निश्चिंत होतात. पुढे आठवडाभर 'दम्याची वाफ' चालते. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही. एक्स-रे नॉर्मल आला तरी ठसक्याची हकिगत डॉक्टरांना सांगा आणि एका बाजूलाच घरघर आहे का ते तपासायला लावा. अख्खा दाणा चार वर्षांपर्यंत नको, कूट चालतं. ठसक्यात आवाजच फुटत नसेल तर एक वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली धरून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यभागी एका तळहाताच्या टाचेने पाच दाब, आलटून पालटून. दिसत नसताना घशात बोट घालू नका. आणि एकाच नाकपुडीतून घाण वास येणारा शेंबूड म्हणजे सायनस नाही, आत काहीतरी घातलंय, हे धरूनच चाला.

ते काहीतरी रिमोटची, खेळण्याची किंवा वजनकाट्याची चपटी गोल बॅटरी असू शकते. अन्ननलिकेत अडकलेली ही बॅटरी दोन तासांत भाजायला सुरुवात करते, नाकात काही तासांत मधला पडदा जाळते. नाकात किंवा कानात असेल तर कुठलेही थेंब टाकू नका, त्याने वेग वाढतो. गिळली असेल तर उलटी काढू नका. मूल एक वर्षाच्या वर असेल, गिळून १२ तासांच्या आत असेल आणि नीट गिळत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा. धाकटीला मध नाही. पण मधासाठी थांबायचं नाही. तालुक्याच्या गावी राहत असाल तर आजच चौकशी करून ठेवा, की लहान मुलाच्या अन्ननलिकेतून आणि श्वासनलिकेतून वस्तू काढण्याची सोय रात्री दोन वाजताही असणारं जवळचं रुग्णालय कोणतं.